पहिलं पान पाहुण्याचं

माघ वद्य पंचमी, मंगळवार

तर पहिली आली ती गोजाबाई, आणि आली ती तोंडात मिश्री धरूनच, त्यामुळं चूळ भरून होईपर्यंत काही बोलेना. मागून तिचे मालक दौलतराव. आणि त्यांच्या मागं एक बाई, हातात पत्र्याची पेटी, काखेत वळकटी, उन्हानं तोंड लालबुंद. मी पुढं होऊन पाणी दिलं. चार वर्षं ह्या उंबऱ्याला गोजाचा पाय लागला नव्हता. आमच्या ह्यांच्या चुलतभावाची बायको, माझी जाऊच की, पण देवीच्या यात्रेतल्या मानावरून तिच्या मनात काय काय असतं. मला एवढा आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली.

हे आठ दिवसांपूर्वीचं. वही आज मिळाली म्हणून आज लिहिते.

ती बाई म्हणजे नवी मास्तरीण, शालनबाई. रत्नागिरीकडची. पिंपरीला कारखाना झाल्यापासून कुठकुठली माणसं येऊन राहिलीत, पोरं वाढली, शाळेला माणूस पाहिजे. दौलतराव शाळेच्या कमिटीचे मुख्य. म्हणाले, "वहिनी, तुमची वसरीची खोली मोकळी हाय. बाई एकट्या हायेत. तुमच्याबिगर भरवशाचं घर कुठलं?" मी म्हटलं, राहू द्या की. सयाजी देहूरोडच्या डेपोत शिफ्टला जातो, सूनबाई सुमन बाळंतपणातनं नुकती उठलेली, नात पाळण्यात. घरात एक माणूस वाढलं तर बोलायला मिळतं.

बाई कमी बोलतात. पण काल मला देवघरापाशी पोथी जुळवून वाचताना बघितलं आणि विचारलं, किती शिकलात? म्हटलं, दुसरीत होते तेव्हा लग्न झालं. दुसरीच्या पुस्तकाची शेवटची पानं मी बघितलीच नाहीत, त्यात काय होतं देव जाणे. आज त्यांनी ही वही दिली. वर सन १९५७ घालून माझं नाव लिहिलं, मंजुळाबाई. म्हणाल्या, रोज जमेल तेवढं लिहा, मी तुम्हाला इंग्रजीही शिकवते. दौलतरावच म्हणाले म्हणे त्यांना, आमच्या वहिनी हुशार आहेत, त्यांना शिकवा.

बघा. माणूस आपण समजतो तसा नसतो.

माघ वद्य अष्टमी, शुक्रवार

वन, टू, थ्री दहापर्यंत पाठ. सुमन हसते. नातीला झोका देताना मी तेच म्हणते, तिला अंगाईपेक्षा बरं लागतं.

आज पहिला, दुसरा, तिसरा घेतले. मला वाटलं, वनला काहीतरी शेपूट लावलं की पहिला होईल. तर नाही! फर्स्ट. मी म्हटलं, "बाई, ह्याचा बाप वन, मग तोंडवळा असा परका कसा?" तर बाई हसल्या. इथं आल्यापासून पहिल्यांदा. पेटीतनं त्यांच्या वडिलांचा जाडजूड कोश काढला, उशीएवढा. त्यात प्रत्येक शब्दाचं कूळ दिलेलं असतं.

तर फर्स्ट हा मोजणीच्या घरातला नाहीच. पूर्वी त्यांच्यात 'पुढं' ह्या शब्दाला फोर म्हणत. हा फोर चाराचा नव्हे, वेगळा. सगळ्यांच्या पुढं जो उभा, तो फर्स्ट. त्याला मोजावं लागत नाही, डोळ्यांना दिसतो. आणि आपला प्रथम नि त्यांचा फर्स्ट हे कुठंतरी लांबचे भाऊबंद निघतात. म्हटलं, भाऊबंद असतील तर भांडत असतील.

मग मला सुचलं, आपलंही तसंच की. बीज, तीज, चौथ, पंचमी, ह्यांच्यात दोन, तीन, चार, पाच दिसतात. पाडव्यात एक कुठाय? बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं." दिवसभर मी हवेत.

ह्या फर्स्टवरून बाईंना आमची पहिली ओटी सांगितली. चैत्र पौर्णिमेला माळजाईची यात्रा. चार मानकरी घरं. पहिली ओटी आमची, दुसरी दौलतरावांची, तिसरी चिमाजीच्या घरची, चौथी छबूबाईची. खण, नारळ, तांदूळ घेऊन मी देवीपुढं बसल्याबिगर पालखी हलत नाही. माझ्या सासूनं भरली, तिच्या सासूनं भरली. आणि पहिली ओटी ज्या घरची, त्या घराला विचारल्याशिवाय देवीच्या माळावर कुणी कुदळ मारत नाही. हे गेल्यावर सगळे म्हणाले होते, विधवा बाई ओटी कशी भरणार. तेव्हा पंचांनीच ठरवलं, मान घराचा आहे, कुंकवाचा नाही. पण औंदा मी सुमनच्या हातानं भरणार. मी मागं उभी राहून फक्त ताट धरीन. नात कडेवर. हे मनात धरूनच मी हिवाळा काढलाय.

बाई म्हणाल्या, "एवढं महत्त्वाचं आहे का ते, आजी?"

मी म्हटलं, "बाई, माझ्याकडं दुसरं काय हाय?"

त्या कोश मिटून उठल्या.

माघ अमावास्या, शुक्रवार

सेकंड. हा तर इंग्रजांचा नव्हेच! त्यांचा आपला घरचा शब्द होता, अदर. पण त्याचा अर्थ दुसराही आणि निराळा कुणीतरीही. घोटाळा व्हायचा. म्हणून शेजारच्या फ्रेंचांकडून सेकंड मागून आणला, आणि त्यांनी तो रोमच्या जुन्या भाषेतनं घेतलेला. मूळ अर्थ, मागोमाग चालणारा. म्हटलं, म्हणजे बायको. सुमन आतनं खुदकन हसली, सयाजीनं ऐकलं नाही असं केलं.

घड्याळातला सेकंदही हाच. तासाचे एकदा बारीक तुकडे केले ती मिनिटं. दुसऱ्यांदा केले, ते सेकंद. माणसं काय काय चिरत बसतात.

थर्ड पूर्वी थ्रिड होता, आतल्या अक्षरांनी जागा बदलल्या. मालोजी गुरव नुकसानाला नुस्कान म्हणतो ना, तसं. म्हणजे साहेबही आपल्यासारखेच जीभ घसरणारे. आणि चौथ्यापासून पुढं सगळ्यांना एकच शेपूट, थ. फोर्थ, फिफ्थ, सिक्स्थ. एका आईची लेकरं, ओळखू येतात. ते दोघेच वेगळे, फर्स्ट नि सेकंड. एक पुढं उभा, एक मागं चालणारा.

हे सगळं मी एका पानावर लिहिलं. फर्स्ट नि सेकंड इंग्रजी अक्षरांत, अर्थ मराठीत, खाली माझी सही. बाई म्हणाल्या, फार छान उतरलंय, हे पान मी शाळेत दाखवायला नेते. वहीतनं पान फाडताना त्यांचा हात थरथरत होता. अशक्तपणा आहे बिचारीला. आई नि धाकटा भाऊ गावाकडं, हिच्या पगारावर. नोकरी अजून कच्ची, दौलतरावांची सही झाली की पक्की होणार. मी सुमनला सांगून त्यांना अळिवाची खीर पाठवली. भांडं तसंच परत आलं, भरलेलं.

फाल्गुन शुद्ध पंचमी, बुधवार

माळावर दोन माणसं साखळी ओढत होती. मोजणीची. शेरडं घेऊन गेले तेव्हा दिसली. विचारलं तर म्हणाली, काही नाही आजी, नुसतं बघतोय. चांगली होती बोलायला. एकाला मी ताक पाजलं.

सयाजीला सांगितलं तर तो जेवायचा थांबला. "कुणाला विचारून?" म्हणाला. म्हटलं, अरे नुसतं बघत होते.

फाल्गुन वद्य तीज, मंगळवार

आज फार लिहायचं आहे. आज मी सरकारी कागदावर इंग्रजीत लिहिलं!

होळी झाल्यावर गोजाचा निरोप होता, आम्ही दोघं जेवायला येतो. स्वतःहून! मी पुरण घातलं. पाटपाणी केलं. पहिलं पान दौलतरावांचं, मग गोजाचं, मग शालनबाईंचं. मी नि सुमन मागनं. आमच्या घरात हीच रीत, माझी सासू तर पाहुण्याचा हात धुऊन होईस्तोवर पाणीसुद्धा पीत नसे. बाईंनी पोळी अर्धी टाकली. गोजानं मात्र चार खाल्ल्या, आणि पाळण्यातल्या पोरीला दृष्टही काढली.

मग दौलतरावांनी पिशवीतनं कागद काढला. "वहिनी, कायदा आलाय. देवळांची नोंद करायची. मानकऱ्यांच्या सह्या पायजेत."

"मानाचं सगळ्या गावाला ठावं हाय. कागद कशाला?"

"सरकार गावात राहत न्हाई ना, वहिनी."

हसू आलं मला. म्हटलं, सयाजी डेपोतनं येऊ दे, तो बघेल. तर गोजा म्हणाली, "अगं बाई! तू इंग्रजी शिकलीस म्हणून मी गावभर सांगत सुटले, आन् तू लेकाची वाट बघतीस व्हय?"

कागद वर अर्धा इंग्रजीत भरलेला, सुरेख अक्षर, शालनबाईंचं. मी लगेच ओळखलं, त्यांचा डब्ल्यू नाचतो. आणि खाली, काय सांगू, फर्स्ट, सेकंड, थर्ड, फोर्थ! माझ्या ओसरीवर शिकलेले चौघं जसे ओळीनं पाटावर बसलेले. मी बोट लावून मोठ्यांदा वाचले. दौलतराव म्हणाले, "आहे का न्हाई! पुण्याच्या वकिलाला जमायचं न्हाई असं." आणि पेन माझ्यापुढं केलं. "आधी तुमी. घर तुमचं."

म्हटलं, "आसं कसं? माझ्या घरात मी पाहुण्याच्या आधी पान घेते का कधी? तुमी बसा पुढं."

"न्हाई वहिनी, तुमीच."

"दौलतराव, माझी सासू वरनं बघती हाय. पाहुण्याला मागं सारलं तर ती मला सपनात येऊन बोलंल."

"मग तुमचा हुकूम," म्हणाले, आणि फर्स्टपुढं नाव घातलं. आधी घातलं आणि मग हसले.

मी विचारलं, "बाई, वर काय लिहिलंय?" बाईंनी दौलतरावांकडं बघितलं. मग कागदाकडं. "घरांची नावं," म्हणाल्या. आणि जरा थांबून, "क्रमानं." मी म्हटलं, बरोबर, आधी पाहुणे, मग घरचे. आणि सेकंडपुढं माझं नाव लिहिलं, आधी मराठीत, मग बाईंनी शिकवलेलं इंग्रजीत. थोडी शाई सांडली, पण अक्षर सरळ आलं. मला सेकंडच शोभतं म्हटलं. पाहुण्यांच्या मागोमाग चालणारी.

सयाजीला आल्यावर सांगितलं. त्यानं कागदाची नक्कल कुठाय, एवढंच विचारलं. मला कुठं नक्कल मागायचं सुचलं!

चैत्र पाडवा, सोमवार

गुढी उभारली. सुमनसाठी हिरवा खण आणला. ओटी भरताना पदर कसा घ्यायचा, तांदूळ किती मुठी, सगळं शिकवलं. ती म्हणते, "सासूबाई, माझा हात कापंल." म्हटलं, माझाही कापला होता. देवीला कापरे हातच आवडतात.

शालनबाई हल्ली दमलेल्या. धडा बंद आहे. यात्रा झाल्यावर घेऊ म्हणतात.

चैत्र वद्य तीज, बुधवार

तीन दिवस वहीला हात लावला नाही. आता लिहिते, लिहिलं नाही तर खोटं वाटायला लागेल.

आम्ही ताट घेऊन देवळात गेलो. सुमन पुढं, मी तिच्या मागं. मालोजी गुरवानं देवीपुढचा पाट मांडला आणि माझ्याकडं बघेनाच. तेवढ्यात गोजा नवं लुगडं नेसून आली आणि पाटावर बसली. मला वाटलं चुकली. म्हटलं, "गोजा, आधी आमची." तिनं पदर नीट केला, बास.

दौलतरावांनी कागद वाचला, मराठीत करून. पूर्वापार चालत आलेला मानाचा क्रम येणेप्रमाणे. पहिलं घर त्यांचं. दुसरं आमचं. पहिल्या घराचा कर्ता देवस्थानाचा मुख्य. मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "आवो, ते पंगतीसारखं व्हतं. पाहुणं म्हणून तुमाला पुढं बसवलं मी." कुणीच हसलं नाही. चिमाजी खाली बघत होता. त्याचा तिसरा मान तिसराच राहिला, त्याचं काय गेलं.

गोजानं ओटी भरली. पालखी उचलली. म्हणजे आमच्याबिगर पालखी हलते.

सुमननं दुसरी भरली. हात कापला नाही तिचा, रागानं घट्ट झाला होता. मी ताट धरलं होतं, ते कुणी माझ्या हातातनं घेतलं, आठवत नाही.

चैत्र वद्य सप्तमी, रविवार

सयाजी रजा टाकून कचेरीत गेला होता. तिथल्या कारकुनानं त्याला बसवून घेतलं, भला माणूस. म्हणाला, अंगठा असता तर म्हणता आलं असतं, म्हातारीला कळलं नाही, फसवलं. पण इथं हातची सही आहे, इंग्रजीत. आणि सोबत हे जोडलंय, असं म्हणून एक पान काढून दाखवलं. वहीचं पान. फर्स्ट म्हणजे सगळ्यांच्या पुढं उभा. सेकंड म्हणजे मागोमाग चालणारा. खाली माझी सही. कारकून म्हणाला, तुमच्या आईला हा फरक माझ्यापेक्षा चांगला कळतो.

सयाजीनं सगळं सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मला बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे खोली त्यासाठी. वही त्यासाठी. गोजाचा चहाही त्यासाठी. मला शिकवलं ते मला कळत नव्हतं असं म्हणता येऊ नये म्हणून. मी उलटंपालटं करून बघितलं, दुसरा अर्थ निघतो का. निघत नाही.

चैत्र वद्य नवमी, मंगळवार

शालनबाई गेल्या. नोकरी पक्की झाली, शाळेमागची खोली मिळाली. पेटी बांधत होत्या तेव्हा मी दारात उभी राहिले. किती बोलायचं ठरवलं होतं. त्या आधीच म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मला फक्त एवढंच सांगितलं होतं, आजीला लिहायला शिकवा. बाकीचं नंतर."

"नंतर म्हंजी कधी?"

"अमावास्येच्या आधी."

म्हणजे पान फाडलं तेव्हा ठाऊक होतं.

"मग बोलला का न्हाई? एका घरात राहत व्हतो आपण. माझी नात तुमच्या मांडीवर झोपायची."

"बोलले असते तर नोकरी गेली असती." रडल्या नाहीत. मला वाटत होतं रडतील, आणि मला त्यांना पाणी द्यावं लागेल.

मी विचारलं, "मला शिकवलंत, ते तरी खरं व्हतं का? फर्स्ट आन् सेकंडचं?"

"अक्षर न् अक्षर," म्हणाल्या. "तेवढंच खरं होतं, आजी."

कोश त्या वसरीवर ठेवून गेल्या. विसरल्या नाहीत, ठेवून गेल्या. मी उचलला नाही. सुमननं फडक्यात गुंडाळून आत ठेवला, पोर मोठी झाली की तिला होईल म्हणते. शिकलेली बाई होईल माझी नात. तिला शिकवताना मात्र पहिलं हे शिकवीन, की शिकवणाऱ्याच्या हाताकडंही बघावं.

वहीही टाकणार होते. पण त्यातलं फाटलेलं पान सोडून बाकीचं माझंच आहे.

चैत्र वद्य द्वादशी, शुक्रवार

आज पुन्हा आले. पहिली गोजाच आली. मिश्री नव्हती तोंडात, गोड बोलायचं होतं. मागून दौलतराव, पिशवी घेऊन.

मी बसा म्हटलं. पाणी दिलं. पाणी कुणालाही द्यावं.

"वहिनी, राग सोडा. घरातल्या घरातली गोष्ट. देवीचा माळ एक कंपनी घेतीय. गावच्या पोरांना कामं लागतील. तुमच्या सयाजीला देहूरोडपर्यंत सायकल तुडवायला नको. ह्याच्यावर सही करा."

सयाजी घरीच होता. त्यानं कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला. विचारलं, "काका, चारी घरांच्या सह्या लागतात?"

दौलतराव म्हणाले, "चारी लागतात. एक कमी चालत न्हाई. कंपनीचा वकील ऐकत न्हाई." आणि मग बोललो ते बोलून गेलो, असं तोंड झालं त्यांचं.

मी नातीला मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या डोक्यात एकदम तो सेकंड आला. मागोमाग चालणारा. आणि तो चाललाच नाही तर? जागचा हललाच नाही, तर फर्स्ट कुणाच्या पुढं उभा राहणार? एकटा माळावर उभा असलेल्याला कुणी फर्स्ट म्हणतं का? कोशात असेल तर असो. पण हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मला सुचलं.

दौलतरावांनी पेन पुढं केलं. म्हटलं, "आज न्हाई. आज हाताला पीठ हाय." हाताला पीठ नव्हतं. त्यांनी हाताकडं बघितलं, मी पण बघितलं. गोजा म्हणाली, "जाऊबाई, तुझ्या हातचं पुरण खाऊन किती दिस झालं. पुढच्या खेपेला जेवायलाच येतो, निवांत बसून बोलू." दौलतरावही म्हणाले, तोवर विचार करा.

ते गेल्यावर सयाजी माझ्याजवळ येऊन बसला. यात्रेनंतर पहिल्यांदा. म्हणाला, "आई, काय करायचं?"

म्हटलं, चूल नेहमीसारखी पेटवायची. पाहुण्याला उपाशी धाडायची आपल्याकडं रीत नाही. ताटात काही कमी पडणार नाही. फक्त त्या दिवशी पाट घातला की पहिल्यांदा मी बसणार. माझं पान पहिलं, मग सुमनचं. आम्ही पोटभर जेवणार, सावकाश, त्यांच्यासमोर. पाणी पिणार, हात धुणार. मग त्यांना वाढणार. पेन काढलं तर म्हणणार, न्हाई.

सुमन म्हणाली, "सासूबाई, आजीसासूबाई वरनं बघतील की."

म्हटलं, बघू दे. बोलायचं असलं तर सपनात येईल, मी सांगीन तिला सगळं.

बुधवारी येतो म्हणून गेलेत. वैशाख शुद्ध बीज.